एका दिवसाचा समुद्र : अलिबाग-मुरूड सहलीचा व्यापारी हिशेब

मराठवाड्यातील माणसाला समुद्र पाहण्याची संधी दोनच वेळा मिळते, असे म्हणायला हरकत नाही. एक, मुंबईला दवाखान्याचे किंवा खरेदीचे काम निघाले तर; आणि दुसरी, हज-उमराहला जाताना विमानाच्या खिडकीतून. आम्ही कापडवाले वर्षानुवर्षे मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट आणि भिवंडीच्या खेपा करीत आलो. माल पाहायचा, भाव करायचा, गठ्ठे ट्रान्सपोर्टला टाकायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. समुद्र जवळच होता, पण त्याकडे पाहायला वेळ कुणाला होता?

गेल्या हिवाळ्यात अर्धापूर आणि नांदेडच्या काही व्यापारी कुटुंबांनी मिळून ठरविले की, या वेळी बायका-मुलांना घेऊन समुद्रकिनाऱ्याची एक दिवसाची सहल करायची, तीही स्वतः गाडी शोधत न फिरता, गाइडसह ठरलेल्या सहलीने. सहल झाली. फोटो निघाले. त्या गोष्टी घरच्या. या पानाच्या वाचकांना आम्ही जे सांगू इच्छितो ते वेगळे आहे. एका दिवसाची सहल हाही एक माल आहे. तो कसा तयार होतो, कुठे पैसा मिळतो, कुठे बुडतो, आणि आपल्या भागातील तरुणांना त्यात काही काम आहे का, याचा हिशेब येथे मांडत आहोत.

कोणता मुरूड?

"मुरूडला चाललो" म्हटल्यावर लातूरच्या पाहुण्यांनी विचारले, "आडतीत काही काम निघाले का?" कारण आमच्याकडे मुरूड म्हटले की लातूर-बार्शी रस्त्यावरचे बाजारपेठेचे गावच डोळ्यांसमोर येते. समुद्राकाठचे मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानाचे ते गाव. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. उर्दू शाळेत शिकलेल्या वाचकांना 'जंजिरा' हा शब्द सांगावा लागणार नाही. अरबी 'जज़ीरा', म्हणजे बेट, हेच त्याचे मूळ. 

जाण्याचा मार्ग सोपा आहे. नांदेडहून पनवेलला थेट रेल्वे आहे. ती परळी, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पुणे अशी जाते. रात्रभराचा प्रवास करून सकाळी पनवेल. तेथून पेण, वडखळ नाका आणि अलिबाग. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड आणि राजपुरी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ला. मुंबईकरांना गेटवेहून मांडव्याला लाँचने येता येते, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारगाड्या घेऊन जाणारी रो-रो बोटही सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. मुंबई अशी जवळ आल्यामुळे शनिवार-रविवारी या किनाऱ्यावर गर्दी असते आणि गर्दीच्या दिवशी भाव चढतात. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरावा. आठवडी बाजाराचा दिवस तेवढा टाळला की दुकानाचेही नुकसान नाही.

शुक्रवारी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. राजपुरीच्या होड्या जुमाच्या नमाजच्या वेळी काही काळ थांबतात. तसा हिशेब ठेवूनच निघावे. आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्या काळात किल्ला फक्त किनाऱ्यावरून दिसतो.

या किनाऱ्याचे आणि आपले जुने व्यवहार

गाइडने अलिबागनंतर गाडी चौल-रेवदंड्याकडून नेली. सहलीतील बहुतेकांनी खिडकीतून पाहून सोडून दिले. व्यापाऱ्याने मात्र येथे थांबले पाहिजे.

चौल हे फार जुने बंदर. बगदादचा प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, येथे आला होता. त्याने ज्याला 'सैमूर' म्हटले ते हेच चौल, असे इतिहासकार मानतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान या भागात असल्याचे त्याने नोंदविले आहे. त्यांचा कारभार पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. व्यापाराने आलेली माणसे आणि त्यांना जागा देणारा स्थानिक राजा, अशी ही गोष्ट आहे.

पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. तो चौलहून जुन्नरला आणि तेथून बहामनींच्या राजधानीला, बीदरला गेला आणि घोडा तेथे विकला. बीदर म्हणजे आमच्या देगलूर-उदगीरच्या पलीकडचे गाव. त्या वेळी बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान होता आणि त्याचा किताब होता 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक उभारलेले आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी समुद्राचा माल चौलवरून आपल्या भागापर्यंत येत होता. आज आपला माणूस त्या बंदराजवळून जातो आणि त्याला काही माहीत नसते. हा इतिहास सांगणारा गाइड असेल तर त्याचे पैसे वसूल झाले, असे आम्ही समजतो.

अलिबाग परिसरातील बेने इस्राएल ज्यूंचीही आठवण येथे काढली पाहिजे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आठवड्यातील एक दिवस धंदा बंद ठेवूनही पिढ्यानपिढ्या त्यांचा धंदा टिकला. जुमाच्या वेळी तासभर शटर ओढायला कचरणाऱ्या आपल्या काही दुकानदारांनी यातून धडा घ्यावा.

मुरूडशी उर्दूचेही नाते आहे. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली यांनी १९०८ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि त्याचे वर्णन 'सैर-ए-यूरोप' या नावाने उर्दूत लिहिले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या छोट्या गावातील एक मुस्लिम स्त्री युरोप पाहून त्यावर पुस्तक लिहिते, ही बाब आपल्या मुलींच्या शाळांत सांगण्यासारखी आहे.

समुद्राचे घड्याळ चंद्रावर चालते

आता मुख्य मुद्दा. गाइड कशासाठी घ्यायचा? रस्ता तर मोबाइल दाखवतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला तीच जागा पाण्याखाली. आमच्यातील काही मंडळींनी समोर उघडी वाळू पाहून आग्रह धरला की, "दहा मिनिटांत जाऊन येतो." गाइड मुरूडचा, विशी-पंचविशीतला कोकणी मुलगा. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, पानी दिखता वैसा होता नहीं. अब वो वापस आ रहा है." त्याने कुणालाही जाऊ दिले नाही. पाऊण-एक तासात त्या वाळूवर पाणी आले. त्या दिवशीच्या सगळ्या खर्चात याहून स्वस्त आम्हाला काही पडले नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी याच मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यात आपल्या समाजाची मुले-मुली होती. आपण कोरड्या मुलखातील माणसे. विहीर, तलाव, फार तर गोदावरीचा घाट आपल्याला ठाऊक. समुद्राचे पाणी ओढून नेते, हे आपल्याला कुणी शिकविलेले नसते. उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्याला आहे. किनाऱ्यावर उंट बांधणे म्हणजे भरतीची वेळ माहीत असणे.

ही वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब गाइडने आम्हाला सांगितला. तिथीचा आकडा घ्या आणि त्याचा पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साधारण दुपारी आणि मध्यरात्री. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आपल्या घराघरांत चांदाच्या तारखेची जंत्री असते. चांद बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, म्हणून चांदाची सहा-सात तारीख म्हणजे साधारण अष्टमी. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते. पण अष्टमीच्या आसपास 'भांग' असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी खूप उतरते, पण ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पनवेलहून निघून साडेनऊ-दहाला अलिबागला पोहोचणाऱ्या गाडीसाठी चांदाची तीन-चार तारीख सोयीची, कारण तेव्हा पंचमीच्या सुमारास सकाळी पावणेदहाच्या आसपास ओहोटी येते. हा हिशेब अंदाजाचा आहे. प्रत्यक्ष पाण्यात पाय टाकण्यापूर्वी स्थानिक माणसालाच विचारावे. परंतु सहलीची तारीख ठरविताना जंत्री पाहिली तर अर्धे काम घरीच होते.

सीट आणि तागा

आता पैशाचा विचार. कापडाचा तागा आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. सीझन गेला तर भाव पाडून काढता येतो. गाडीतील रिकामी सीट मात्र गाडी सुटताच बुडाली. ती उद्या विकता येत नाही. सहलीच्या धंद्याचे सारे गणित या एका फरकावर उभे आहे.

समजा, ३२ सीटची गाडी, गाइड आणि टोल मिळून दिवसाचा बांधलेला खर्च १६,००० रुपये आहे. सर्व सीट भरल्या तर माणशी ५०० रुपये पडतात. वीसच माणसे आली तर ८००. माणशी ६५० रुपये दर लावणाऱ्याला २५ माणसे आल्याशिवाय एक पैसाही सुटत नाही. पंचविसाव्या माणसापासून नफा. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण रीत हीच. म्हणून सहलवाला शेवटच्या दोन दिवसांत स्वस्तात सीट देतो आणि आधी पैसे भरणारा नाराज होतो. यावर उपाय म्हणजे सीट सुट्या विकण्याऐवजी एकेक मोहल्ला, एकेक मार्केट, एकेक कुटुंब पूर्ण गाडीने नेणे. पैसे आधी घ्यावेत. उधारीवर सहल विकू नये. कापडाची उधारी निदान पुढच्या खरेदीला वसूल होते, सहल करून आलेला माणूस पुन्हा दुकानात येईलच असे नाही.

दुसरी गोष्ट थांब्यांची. जाहिरातीत जितकी गावे जास्त तितकी सहल भरगच्च वाटते. प्रत्यक्षात सहा ठिकाणी अर्धा-अर्धा तास थांबले की माणूस कुठेच बसत नाही, जेवण घाईत होते आणि दुकानात तर कुणी शिरतच नाही. आपल्या धंद्यात सर्वांना माहीत आहे, गादीवर बसलेले गिऱ्हाईक घेते आणि उभ्याने भाव विचारणारे निघून जाते. अलिबाग, मुरूड आणि जंजिरा एवढेच ठेवले तर प्रवाशालाही समाधान आणि गावालाही चार पैसे. एका दिवसाचा प्रवासी मुक्काम करीत नाही. त्याच्याकडून गावाला मिळते ते जेवण, होडी, घोडागाडी आणि खरेदीतून. तेवढा वेळही त्याला दिला नाही, तर गावाकडे राहतो फक्त त्याचा कचरा. किनाऱ्यावरच्या लोकांची ही तक्रार रास्त आहे.

तिसरी गोष्ट दलालीची. कोणत्या खाणावळीपुढे गाडी उभी राहील, हे पुष्कळदा अगोदर ठरलेले असते. दलाली हा व्यापारातील जुना आणि जायज मेहनताना आहे. पण ती उघड असावी. जेथे दलालीमुळे ताटाचा भाव वाढतो आणि माशाचा तुकडा लहान होतो, तेथे अमानत राहत नाही आणि बरकतही जाते. जेवण दरात धरलेले आहे की वेगळे, हलाल आहे की नाही, नमाजची जागा कोठे आहे, या तीन गोष्टी निघण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात. मुरूडमध्ये मुस्लिम वस्ती मोठी असल्याने ही अडचण येत नाही. तांदळाची भाकरी आणि ताजी सुरमई आपल्या ज्वारी-मटणाच्या माणसालाही आवडते. त्यांची बोली कोकणी, आपली दखनी, पण दस्तरखानवर बोलीचे काही अडत नाही.

काशीदच्या किनाऱ्यावर फुगवलेल्या पिवळ्या नावेवर बसवून मुलांना समुद्रात फिरवितात. तिला 'बनाना बोट' म्हणतात. अर्धापूर केळीचे गाव. आमच्यातील एका बागायतदाराने दर ऐकून विचारले, "केळीवर बसायचे एवढे, मग आमच्या घडाला व्यापारी काय देतो?" हसण्यावारी गेले तरी प्रश्न खरा आहे. मालाला नव्हे, मालाच्या नावाला आणि अनुभवाला भाव मिळतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या माळा रस्त्याकडेला लटकत असतात आणि प्रवासी आनंदाने घेतात. आमच्या शेजारच्या वसमतच्या हळदीलाही ते मानांकन मिळाले आहे. पण नांदेडला गुरुद्वारा पाहायला देशभरातून येणाऱ्या भाविकाच्या हाती ती हळद कोण देतो?

कापडवाल्याच्या नजरेतून

किनाऱ्यावरच्या दुकानांत फुलाफुलांचे शर्ट, सुती पँटी, टोप्या, ओढण्या यांची चांगली विक्री दिसली. माल उल्हासनगर आणि तिरुपूरचा, असे दुकानदारांनी सांगितले. टॉवेल होते, पण त्यांवर गावाचे नाव नव्हते. आमची रेल्वे ज्या जिल्ह्यातून आली त्या सोलापूरचा टॉवेल भौगोलिक मानांकनाचा माल आहे. समुद्रावर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला टॉवेल लागतो. सोलापूरचा माल, त्यावर जंजिऱ्याचे चित्र, एवढे केले तरी माल वेगळा होतो. दमट हवेत कापडाला लवकर बुरशी धरते, म्हणून तेथे मोठा साठा करणारा दुकानदार कमी. थोडा-थोडा माल वेळेवर पोहोचविणारा पुरवठादार त्यांना हवा आहे.

आमच्या सहलीतील स्त्रिया गुडघाभर पाण्यापलीकडे गेल्या नाहीत. संकोच हे एक कारण, कपडा हे दुसरे. भिजलेली साडी किंवा बुरखा जड होतो, पायात गुंततो आणि लाटेत धोका वाढवितो. सुती कापड पाणी पिते, लवकर वाळत नाही. कपडे बदलण्याची नीट सोयही सगळीकडे नव्हती. ओल्या कपड्यांत तीन तास गाडीत बसणे कोणत्या बाईला आवडेल? लेबनानी वंशाच्या ऑस्ट्रेलियन महिला अहेदा झनेत्ती यांनी २००४ मध्ये अंग झाकणारा, हलका आणि लवकर वाळणारा पोहण्याचा पोशाख तयार केला. 'बुर्किनी' या नावाने तो जगभर गेला. युरोपात त्यावर वादही झाले. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. प्रश्न गरजेचा आहे. आपल्या हिंदू भगिनींनाही किनाऱ्यावर पंजाबी ड्रेस घालूनच पाण्यात उतरताना आम्ही पाहिले. पॉलिस्टरचे हलके, सैल, लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे जोड आणि सोबत स्कार्फ, हा माल नांदेडचे कारागीर सहज शिवू शकतात. धंदा तेथे आहे जेथे गरज आहे आणि दुकान नाही.

आपल्या तरुणांसाठी

नांदेड-लातूर भागात हज-उमराहचे काम पाहणारी अनेक मंडळी आहेत. त्यांना गट बांधणे, पैसे वेळेवर गोळा करणे, वृद्धांना आणि स्त्रियांना सांभाळून नेणे येते. हीच विद्या देशातील सहलींना लागते. उमराहचे प्रवासी ठराविक, पण समुद्र न पाहिलेले कुटुंब प्रत्येक गल्लीत आहे. तिकडे मुरूड-श्रीवर्धनच्या कोकणी मुलांना इंजिन, होडी आणि पाणी कळते. त्यांचे कित्येक भाऊबंद आखाती देशांत किंवा जहाजावर नोकरीला आहेत. गट आपल्याकडचा, गाइड आणि होडी त्यांची, अशी भागीदारी झाली तर दोन्हीकडे रिज्क आहे.

सीझनचे एक गणित आताच मांडून ठेवावे. किनाऱ्याचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीत आला, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा व डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा रमजान लागेल. म्हणजे पुढील काही वर्षे मुस्लिम कुटुंबांचा सहलीचा सीझन ऐन थंडीत एक महिना तुटणार. या धंद्यात पडणाऱ्याने तो महिना इतर समाजाच्या गटांसाठी, शाळांच्या सहलींसाठी ठेवावा. केवळ आपल्याच लोकांवर अवलंबून राहणारा धंदा लंगडा असतो. तसेही चांगली सेवा घेताना गिऱ्हाईक जात-धर्म विचारीत नाही.

जमिनीवर फिरा आणि पाहा, अशी ताकीद कुरआनात पुनःपुन्हा आहे. मुसाफिराला नमाजमध्ये कसरची सवलतही दिलेली आहे. म्हणजे आपल्या दीनने माणूस प्रवास करणार हे गृहीतच धरले आहे. मग आपल्या बायका-मुलांनी तालुक्याबाहेरचे जग फक्त लग्न आणि मयतीलाच का पाहावे? ज्या व्यापारी बांधवांना हे काम करून पाहायचे आहे त्यांनी मोठ्या भांडवलाची वाट पाहू नये. एक गाडी, पाणी ओळखणारा एक प्रामाणिक गाइड, लिहून दिलेला दर आणि हाताशी चांदाची जंत्री, एवढ्या सामानावर पहिली सहल निघू शकते. दुसरी सहल निघेल की नाही, हे मात्र पहिल्या गाडीतून उतरणारी माणसे ठरवतील.